मागच्या सीटवरचं दुखणं

दोन जावयांत भांडण नको म्हणून नानांनी दोघांना मिळून एकच सायकल दिली.

नाना म्हणजे सासरे, निवृत्त न्यायाधीश. हयातभर त्यांनी भावाभावांत घरं वाटली, अंगणं वाटली, एकदा तर जिना वाटला. आणि वाटून घेतलेली माणसं नंतर एकमेकांच्या मयतालाही जात नाहीत हे पाहून वाटपावरचा त्यांचा विश्वास पार उडाला होता. दोन सायकली आणल्या असत्या तर एकीची घंटा दुसरीपेक्षा बरी वाजली असती आणि तेवढ्यावरून दोन्ही मुली बोलेनाशा झाल्या असत्या. म्हणून त्यांनी जोडसायकल आणली. पुढे एक सीट, मागे एक सीट, दोन हँडलं, पेडलांच्या दोन जोड्या आणि सगळ्यांना एकत्र जखडणारी साखळी. "आता भांडा बघू कसे भांडता ते," असं म्हणून ते आत जाऊन झोपले.

थोरला जावई हाडांचा डॉक्टर होता. धाकटा वजनमापे निरीक्षक. दुकानांतले तराजू, वजनं, लिटरची मापं, कापडाचे गज तपासायचे, खरे असतील तर शिक्का मारायचा, नसतील तर दुकानदाराचा चेहरा पडलेला बघायचा, अशी त्याची नोकरी. ती तो आवडीने करत असे, विशेषतः तिचा दुसरा भाग. सासरी डॉक्टरांचा उल्लेख नेहमी बहुवचनी होत असे; निरीक्षकाचाही व्हायचा, पण तो खोलीत असेपर्यंतच.

पुढे कोणी बसायचं हा प्रश्न आला तेव्हा निरीक्षकाने आपण वयाने मोठे असल्याचं नम्रपणे सुचवून पाहिलं. नानांनी चष्मा पुसला. "जावयाची ज्येष्ठता मुलीवरून ठरते," ते म्हणाले. वर अपील करायला कोर्ट नव्हतं.

जोडसायकलीवर मागे बसलेल्या माणसाची अवस्था ज्याने भोगली त्यालाच ठाऊक. ब्रेक पुढच्याकडे, गिअर पुढच्याकडे, रस्ताही पुढच्याकडेच. मागच्याला हँडल असतं, पण ते वळत नाही. रडक्या पोराच्या हातात किल्ल्यांचा जुडगा द्यावा तसं ते दिलेलं असतं. समोर देखावा म्हणून डॉक्टरांची पाठ. आणि सगळ्यावर कडी म्हणजे दोघांची पेडलं एकाच साखळीने बांधलेली. पुढच्याचे पाय फिरले की मागच्याचे फिरलेच पाहिजेत. पुढच्याला वाटलं तर थांबायचं. मागच्याला वाटलं तर त्याने वाटून घ्यावं, बस्स. संसाररथाची दोन चाकं वगैरे जे लग्नात बोलतात, ते बोलणाऱ्यांना एकदा या सायकलवर मागे बसवायला हवं.

पेडलं आणि बूट डॉक्टरांनी निवडले होते. साधी सपाट पेडलं काढून टाकून त्यांनी खटक्याची बसवली. या पेडलांचे बूट वेगळे असतात. तळाला धातूची छोटी पट्टी असते, ती पेडलात दाबली की खट् आवाज होऊन पाऊल अडकतं, आणि टाच बाहेरच्या बाजूला वळवल्याशिवाय सुटत नाही. दोघांचे बूट डॉक्टरांनीच मागवले. त्यासाठी त्यांनी निरीक्षकाला ऑफिसात फोन करून पायाचा नंबर विचारला होता. निरीक्षक तेव्हा एका किराणा दुकानदाराला झापत होता. "आठ," असं सांगून तो पुन्हा झापू लागला. कॉलेजात असल्यापासून तो आठच सांगत आला होता.

पहिल्याच रविवारी, गाव मागे पडतं न पडतं तोच उजव्या पायाच्या चवड्यात निखारा ठेवल्यासारखं झालं. आधी मुंग्या, मग आग, मग बोटं आहेत की गळून पडली तेच कळेना.

"डॉक्टर, पाय दुखतोय."

"कुणाचा?"

"माझा."

"हं," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी गिअर बदलला.

दोन वळणांनी त्यांनी निदानही केलं. "मनाचं असतं हे. लक्ष दुसरीकडे द्या."

हे सगळं मान न वळवता. निरीक्षकाने आजवर पुष्कळांना छळलं होतं, पण तराजूकडे पाठ करून तराजू कधी तपासला नव्हता. लक्ष द्यायला दुसरीकडे म्हणजे तीच ती पाठ होती. तिच्यावर घामाचं एक बेट उमटलं होतं, ते वाढत वाढत खंड झालं, आणि तोवर निरीक्षकाने साडूविषयी मनातल्या मनात असे काही शब्द वापरले की ते नानांच्या कोर्टात उच्चारले असते तर आत टाकलं असतं.

घरी आल्यावर त्याने बायकोला पाय दाखवला. ती शाळेत गणित शिकवायची. परीक्षेच्या दिवशी पोट दुखणाऱ्या मुलांच्या कितीतरी तुकड्या तिच्या हाताखालून गेल्या होत्या.

"भावजींना दाखवलंत?"

"त्यांच्याच मागे बसलेलो असतो मी."

"मग? काय म्हणाले?"

"मनाचं आहे म्हणाले."

"मग असेल," ती म्हणाली आणि पेपर तपासायला बसली.

हाडांचा डॉक्टर घरात असला की घरातल्या बाकीच्यांच्या हाडांवरचा त्यांचा स्वतःचा हक्क संपतो. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, पण इथे ज्याचं जळत होतं त्याला कळण्याचा परवानाच नव्हता. त्या दिवसापासून निरीक्षकाला बरं होण्यापेक्षा खरं ठरण्याची जास्त घाई झाली. डॉक्टरांनी एकदा, फक्त एकदा, नानांच्या देखत म्हणावं की याचा पाय खरंच दुखतो. मग तो तुटून पडला तरी चालेल.

त्याने अभ्यास केला. पेडलांवर, बुटांवर, तळव्यातल्या नसांवर मिळेल ते वाचलं आणि निष्कर्ष काढला की डॉक्टरांनी बुटाखालची पट्टी बोटभर पुढे बसवली आहे. त्यामुळे सगळा भार चवड्यावर येतो. पट्टी मागे घ्या, नाहीतर सरळ सपाट पेडल लावा, पाय पाहिजे तिथे ठेवता येईल. दोष पेडलाचा, म्हणजे निवडणाऱ्याचा. निष्कर्ष इतका सोयीचा होता की तो तपासून पाहायची निरीक्षकाला गरज वाटली नाही.

रविवारी नानांकडे जेवायला सगळे जमले तेव्हा त्याने विषय काढला.

"सपाट पेडलं दूधवाले वापरतात," डॉक्टर म्हणाले.

"त्यांचे पाय दुखल्याचं ऐकलंय कधी?"

"पाय निसटला की पेडल नडगीवर बसतं. माझ्याकडे येतात ना फुटक्या नडग्या घेऊन. तुम्ही किलो बघा, मी हाडं बघतो."

"तुम्ही बघतच नाही हो, तेच तर म्हणणं आहे माझं!"

"अहो, माझे पण तेच बूट, तीच पेडलं. मला काही होतं का?" डॉक्टरांनी सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. "नाचता येईना अंगण वाकडं."

डॉक्टरांची बायको, थोरली, हसली. निरीक्षकाच्या बायकोने हसू पाण्याच्या ग्लासात बुडवलं, पण बुडबुडा वर आलाच.

नानांनी हात वर केला. "पुरावा काय?"

"दुखतंय, नाना."

"ते निवेदन झालं. पुरावा म्हणतोय मी. सूज आहे? जखम? एखादा तज्ज्ञ साक्षीदार?"

तज्ज्ञ साक्षीदार दुसऱ्यांदा भात घेत होते.

शेवटी निरीक्षक चिडून कामाच्या दिवशीच ऑफिसातून सटकला, पेडल नीट तपासता यावं म्हणून सायकलचे बूट पायात चढवले आणि सायकलींच्या दुकानात गेला. सपाट पेडलं घ्यायची, आपणच गुपचूप बसवायची, आणि डॉक्टरांना रविवारी रस्त्यातच कळू द्यायचं, असा बेत होता. दुकानात भिंतीला चाकं टांगलेली होती आणि गल्ल्यावर एक बाई डबा उघडून बसली होती. तिला गिऱ्हाईक नको होतं, जेवायचं होतं.

"सपाट पेडल दाखवा."

"ती काय समोर. कुठलंही घ्या, सगळी सारखीच."

"सारखी कशी असतील? यावर खिळे आहेत, यावर नाहीत."

"मग खिळेवालं घ्या."

"उभं राहून बघायचंय."

"बूट काढा मग. तळाच्या पट्टीने फरशीला चरे पडतात."

निरीक्षकाने बाकावर बसून बूट ओढला. बाटलीचं बूच निघावं तसा आवाज करून पाऊल बाहेर आलं. करंगळी शेजारणीखाली दडून बसली होती. बाकाखाली पाय मापायची पत्र्याची पट्टी पडलेली होती. मागे टाच टेकवायची, पुढे सरकता तुकडा, बाजूला रुंदीचा तुकडा. बूट कंपनीने मालासोबत फुकट पाठवलेली आणि त्यानंतर कोणी न वापरलेली. आता माप दिसलं आणि तपासलं नाही, असं निरीक्षकाच्या हातून होणं शक्य नव्हतं.

वजन तपासायचं तर जवळ एक प्रमाणित वजन लागतं, ज्याच्याबद्दल शंका नाही असं. तराजू खरा की खोटा, ते त्याच्यावरून ठरतं. निरीक्षकाजवळ त्या क्षणी खात्रीची अशी एकच गोष्ट होती. त्याने आपलं आठ नंबरचं पाऊल पट्टीवर ठेवलं.

पट्टीने साडेनऊ दाखवलं.

"बाई, तुमचं हे माप खोटं आहे."

बाईने घास थांबवला. "काय?"

"दीड नंबराने जास्त दाखवतंय. यावर पडताळणीचा शिक्का कुठाय?"

"कसला शिक्का?"

"गिऱ्हाइकाला माप देता ना यावर? मग ते तपासून घ्यायला नको? मी वजनमापे खात्यातला आहे."

"मग घेऊन जा तिला पकडून," बाई म्हणाली. "मला जेवू द्या."

निरीक्षकाने बॅगेतून स्वतःची पोलादी पट्टी काढली. ती सरकारी होती, तिच्यावर शिक्का होता, ती खोटं बोलत नाही या भरवशावर त्याने आजवर अनेकांना दंड केला होता. एक बूट घातलेला, एक पाय उघडा, अशा अवस्थेत तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने पत्र्याच्या पट्टीची एकेक रेघ ताडून पाहिली. रेघा बरोबर होत्या. केसाचाही फरक नव्हता. त्याने पुन्हा पाहिलं. मग पोलादी पट्टी थेट पावलाखाली धरली.

"पाय तुमचाच आहे ना?" बाईने विचारलं.

झिजलेली वजनं वापरणारे दुकानदार त्याला म्हणायचे, साहेब, बापापासून हेच वजन आहे, कधी तक्रार नाही. त्यांच्यावर तो ओरडायचा. इथे पाऊल वर्षानुवर्षं त्याला न विचारता लांबत, पसरत, चपटं होत गेलं होतं, आणि तो मात्र कॉलेजातल्या मापाचा शिक्का दाखवत हिंडत होता.

त्याने तसलेच काळे बूट साडेनऊ नंबरचे, रुंद साच्याचे काढायला सांगितले. जेवण टाकून उठलेली बाई जुन्या बुटाच्या तळाची पट्टी काढून नव्याला लावू लागली. "कुठे लावू? मागे घेऊ?"

इथे निरीक्षकाने चूक केली. त्याच्यातला खातेवाला जागा झाला. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कुणाचा ते कळणार कसं? "होती तिथेच लावा," तो म्हणाला. सपाट पेडलं त्याने घेतलीच नाहीत.

पुढच्या रविवारी तो मागच्या सीटवर बसून निखाऱ्याची वाट पाहत राहिला. गाव मागे पडलं, दोन वळणं गेली, चढ आला. निखारा आला नाही. बोटं बुटात ऐसपैस पसरून हवा खात होती. पट्टी तिथेच, पेडल तेच, पाय मात्र गार. म्हणजे डॉक्टरांचं पेडल निर्दोष होतं आणि निरीक्षकाचा सगळा खटला निरीक्षकानेच निकालात काढला होता. हे घरी सांगायचं म्हणजे काय व्हायचं ते त्याला स्पष्ट दिसत होतं. डॉक्टर म्हणतील, नंबर तुम्हीच सांगितलात. नाना म्हणतील, फेटाळला. थोरली हसेल, बायकोही हसेल, आणि या वेळी तिच्या तोंडापुढे ग्लासही नसेल.

नेहमीची वेळ झाली तसा तो विव्हळला. "आई गं!"

"मनाचं असतं," डॉक्टर पुढून म्हणाले.

आणि ते बरोबर होतं. इतक्या दिवसांत डॉक्टरांचं निदान पहिल्यांदाच अचूक ठरलं, या गोष्टीचा निरीक्षकाला जेवढा संताप आला तेवढा पाय दुखत असतानाही आला नव्हता.

खोटं दुखणं हे खऱ्यापेक्षा कष्टाचं काम असतं. खरं आपोआप दुखतं. खोटं आठवणीने दुखवावं लागतं. जिना चढताना निरीक्षक कठड्याला धरायचा, खुर्चीतून उठताना डोळे मिटायचा. बायको दोन दिवस बघत राहिली.

"काल उजवा होता ना?" तिसऱ्या दिवशी तिने विचारलं.

निरीक्षक थबकला. तो डाव्या पायाने लंगडत होता.

"आता दोन्ही दुखतात."

"माझ्या वर्गातली पोरं याच्यापेक्षा बरं करतात. त्यांना निदान पोट एकच असतं." तिने दाराजवळचा बूट उचलला, आत डोकावून नंबर वाचला आणि पुन्हा ठेवला. "सांगून टाका आता भावजींना."

"काय सांगू?"

"जे असेल ते."

"सांगतो. आधी त्यांनी म्हणू दे की दुखत होतं."

"होतं?"

"होतं! भूतकाळात म्हटलं तरी चालेल मला. नानांसमोर एकदा म्हणू दे, मग मी बुटाचा नंबर पेपरात छापतो."

"मेल्यांनो, तुम्हाला एका सायकलवर बसवलं हे नानांचं चुकलंच," ती म्हणाली. "एका बाकावर उभं करायला हवं होतं."

महिनाअखेरीला सगळ्यांनी तलावावर जायचं ठरवलं. नाना आणि दोघी बहिणी डबे घेऊन गाडीने पुढे, साडू सायकलने मागून. तलावाचा रस्ता चढाचा. निरीक्षकाने बूट घट्ट बांधले. पाय आता खणखणीत होते, आणि त्यांच्यात साठलेल्या रागाला वाट हवी होती. त्याच्या लक्षात एक गोष्ट आली होती, जी मागे बसणाऱ्याला कोणी सांगत नाही: साखळी दोन्हीकडून ओढते. पुढच्याचे पाय फिरले की मागच्याचे फिरतात हे खरं, पण मागच्याने जोर काढला तर पुढच्यालाही पाय आवरता येत नाहीत, कारण बूट खटक्यात अडकलेले असतात. ब्रेक मात्र पुढच्याकडे असतो. पण चढावर ब्रेक दाबायचा म्हणजे हरलो असं पाटी लावून सांगायचं.

"आई गं!" असं म्हणून निरीक्षकाने पेडल हाणलं.

सायकल उसळली. डॉक्टरांची पाठ ताठ झाली.

"अहो, पाय दुखत होता ना?"

"फार दुखतोय," निरीक्षक म्हणाला आणि आणखी हाणलं. "आई आई गं!"

पहिल्या चढानंतर डॉक्टरांचं बोलणं तुटक झालं. दुसऱ्या चढाला बंद झालं. घामाचे खंड एकमेकांना मिळून पृथ्वी पूर्ण झाली. एरवी वाटेत ते झाडं, पक्षी आणि स्वतः केलेली ऑपरेशनं यांविषयी बोलत. आज नुसता श्वास ऐकू येत होता, आणि मध्येच दातांतून काढलेला एक बारीक आवाज, जो निरीक्षकाने ओळखीचा असूनही ओळखला नाही. तो आनंदात होता.

"जरा... थांबू या का?" डॉक्टर म्हणाले.

"कशाला?"

"तुमच्यासाठी म्हणतोय. तुमच्या पायासाठी."

"माझं काय हो, मनाचं. लक्ष दुसरीकडे दिलंय."

"तरी पण."

"छे छे," असं म्हणून निरीक्षकाने तलावापर्यंत साडूला फरपटत नेलं.

झाडाखाली सतरंजी अंथरलेली होती. सायकल टेकवायच्या आधीच डॉक्टर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "यांचा पाय मला आज बघायलाच हवा."

कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी निरीक्षकाला खाली बसवलं, बूट काढला, मोजा काढला आणि पाय मांडीवर घेतला. नानांनी वर्तमानपत्राची घडी केली. थोरली डबे उघडायची थांबली. ज्या घटकेसाठी निरीक्षक इतके दिवस तळमळला ती हीच; फक्त या घटकेला पाय दुखत नव्हता.

डॉक्टरांनी तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या हाडांमध्ये अंगठा रोवला. "इथे?"

काही झालं नाही. गुदगुल्या झाल्या असतील थोड्या, एवढंच. निरीक्षकाने बायकोकडे पाहिलं. ती चष्म्यावरून बघत होती, कॉपी करणारा पोरगा चिठ्ठी आपण होऊन देतो का ते बघतात तशी. नाही म्हणण्यासाठी त्याने तोंड उघडलं. मग डॉक्टरांच्या खांद्यावरून त्याला नाना दिसले, कान टवकारून बसलेले.

"तिथेच," तो म्हणाला. "आई गं."

"नस दबलीय," डॉक्टरांनी जाहीर केलं. "दुखणं खरं आहे. मी म्हणतच होतो, काहीतरी आहे यांना."

"तुम्ही कधी म्हणालात?" निरीक्षक ओरडला.

"ओरडू नका, नसेवर ताण येतो."

"म्हणजे इतके दिवस यांचं म्हणणं ग्राह्य होतं तर," नाना म्हणाले, आणि निरीक्षकाचा ऊर भरून आला. थोरली हसली नाही. कुणीच हसलं नाही. हे सुख त्याने नीट चाखून घ्यायला सुरुवात केली होती, एवढ्यात डॉक्टर पुढे म्हणाले, "आता परत जाताना यांनी सायकलवर बसायचं नाही. निदान महिनाभर तरी नाही. विश्रांती."

"आणि तुम्ही?" थोरलीने विचारलं.

"मी काय, चाललो असतो. पण एकट्याने जोडसायकल नेता येत नाही ना. मलाही नाइलाजाने गाडीतच यावं लागणार."

त्या 'नाइलाजाने' या शब्दाशी निरीक्षकाचे कान टवकारले. दुकानदार जेव्हा 'घ्या ना साहेब, खुशाल तपासा' असं म्हणतो तेव्हा त्याच्या आवाजात एक तूप असतं. ते तूप ओळखायचाच तर सरकार त्याला पगार देत होतं.

डॉक्टर हात धुवायला म्हणून गाडीमागे गेले. परत येईनात, तेव्हा निरीक्षक, आपण आता अधिकृत रुग्ण आहोत याचं भान ठेवून, लंगडत मागे गेला. डॉक्टर मागच्या चाकाला टेकून खाली बसले होते. दोन्ही बूट बाजूला. पायाची बोटं पांढरीफटक, करंगळी शेजारणीखाली दडलेली, आणि चवडा एखाद्या आजारी कबुतरासारखा दोन्ही हातांत धरून ते डोळे मिटून त्यावर फुंकर घालत होते.

निरीक्षक उलट पावली सतरंजीवर आला. सगळं त्याच्या ध्यानात आलं. नस नव्हती, तपासणी नव्हती, विश्वास तर नव्हताच नव्हता. डॉक्टरांना स्वतः उतरायचं होतं, आणि उतरण्यासाठी एक पाय हवा होता. त्यांनी त्याचा वापरला. न तोलता शिक्का मारला. आणि त्याने, जन्मभर असल्या शिक्क्यांवर लोकांना कोर्टात खेचणाऱ्याने, तो सगळ्यांसमोर मुकाट घेतला होता. आता शिक्का खोटा म्हणावं तर आधी दुखणं खोटं म्हणावं लागणार होतं.

जेवणं झाल्यावर बायको उठली आणि सायकलीकडे गेली. "ताई, येतेस?"

"तुमच्याकडे ते बूट नाहीत," डॉक्टर म्हणाले. "साध्या चपलेला पेडल टोचेल."

"टोचू दे. खरंच टोचलं तर सांगू," थोरली म्हणाली.

पुढे कोणी बसायचं यावर दोघींत एक शब्दही झाला नाही. एक बसली, दुसरी बसली, सायकल दोनदा झोकांडली आणि उतारावरून खिदळत निघून गेली. नाना वर्तमानपत्र तोंडावर घेऊन आडवे झाले. सतरंजीवर दोन साडू राहिले, चारही पाय उघडे.

मग डॉक्टर तळ्याकडे पाहत, ओठ न हलवता म्हणाले, "बूट बदललेत तुम्ही."

"तेच आहेत."

"शिवण वेगळी आहे. सायकल धरून उभा असतो मी, तुम्ही चढताना दिसते." त्यांनी नानांकडे पाहून आवाज आणखी खाली आणला. "मोठे घेतलेत ना?"

निरीक्षकाने आपल्या बुटावर मोजा टाकला.

"हे बघा, मला काही पडलेलं नाही. पेशंट विचारतात, म्हणून आपलं विचारतो. मी तसा पहिल्यापासून सात घालतो. तुम्ही कितीने वाढवलात?"

निरीक्षकाने साडूच्या पायांकडे एकवार पाहिलं. हजारो मापं तपासून तयार झालेली नजर. दीड, एखादे वेळी दोनसुद्धा. आणि रुंद साचा तर हवाच, चवडा भाकरीसारखा पसरला होता. हे सगळं त्याच्या जिभेवर आलं. त्याच जिभेवर गेल्या कित्येक रविवारांची ती पाठही आली.

"अर्ध्याने," तो म्हणाला.

"बास? अर्ध्याने?"

"जास्त घेतलं की पाय आत सरकतो."

"आणि रुंदीला?"

"रुंद अजिबात घेऊ नका," निरीक्षक म्हणाला. "अरुंदच बघा. पकड राहते."

डॉक्टरांनी मान डोलावली आणि पुटपुटत साडेसात हा आकडा पाठ केला. मग अवघडून, इकडे तिकडे बघत, त्यांनी आपल्या साडूचे आभार मानले. निरीक्षकाने ते पुरेपूर घेतले, आणि आपला निरोगी पाय उशीवर नीट उंच ठेवून पडून राहिला.